सणाचा अर्थ विचारणाऱ्या मुलाला खरं सांगा

चैत्र सरत आला की जळगावच्या चौकाचौकांत सराफांचे फलक लागतात. त्या दिवसांत शहरातल्या पाचवी-सहावीच्या मुलाला विचारा, अक्षय्य तृतीया कशासाठी असते? 'सोनं घ्यायला' हे उत्तर ठरलेलं. मुलाचा यात दोष नाही. जाहिरातीखेरीज दुसऱ्या कोणी त्याला या सणाबद्दल काही सांगितलेलंच नसतं. त्याच मुलाची आजी पारोळ्याकडच्या किंवा अमळनेरकडच्या एखाद्या गावात या दिवसाला आखाजी म्हणते आणि तिच्या आखाजीत सोन्याला जागा नाही. मातीची नवी घागर असते, तिच्या तोंडावर डांगर ठेवलेलं असतं (खानदेशाबाहेरचे त्याला खरबूज म्हणतात), सांजोऱ्या असतात, आमरस-पुरणपोळी असते आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर पितरांच्या नावानं टाकलेली आगारी असते.

आमच्याकडे या दिवसांत पारा चाळिशीच्या बराच वर गेलेला असतो. अशा उन्हात गेलेल्या माणसांच्या नावानं गार पाण्याची घागर भरायची, ही गोष्ट सहा वर्षांच्या पोरालाही लगेच कळते. आजी घागर पुसता पुसता सांगते, "उन्हायामा तुना आजाले तीस लागस ना भाऊ, म्हनीसन ही घागर." आजोबा जिथं कुठे असतील तिथं त्यांनाही तहान लागत असेल. पुढच्या वर्षी ते पोर न सांगता घागरीत पाणी ओतायला पुढे होतं.

पण आखाजी एवढ्यावर संपत नाही. चैत्रात बसवलेली गौराई, झाडाला टांगलेले झोके, माहेरी आलेल्या लेकी, त्यांची अहिराणी गाणी हे सगळं आखाजीचंच. आणि ज्याच्याबद्दल मुलांसमोर कधी बोललं जात नाही, तो सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा हिशेबही आखाजीचाच. त्याचं साल आखाजीला संपतं आणि नवं साल त्याच दिवशी ठरतं. आत चुलीवर पुरण शिजत असतं आणि बाहेर ओट्यावर एका माणसाच्या वर्षभराच्या मजुरीचं बोलणं चाललेलं असतं. त्याच दिवशी गावात पत्त्यांचे डाव बसतात आणि पैसे हरून माणसं घरी येतात. अक्षय्य तृतीया साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून त्या दिवशी लग्नंही फार. त्यामुळेच दरवर्षी प्रशासनाला आधीपासून बालविवाह रोखण्याच्या सूचना काढाव्या लागतात. मुलाला आखाजी समजायला हवी असेल, तर घागरीबरोबर ओट्यावरचं बोलणंही समजायला हवं, आणि वर्गातली एखादी मुलगी सुट्टीनंतर परत का आली नाही, हेही.

सणांचा अर्थ मुलांना शिकवायला हवा, घरी आणि शाळेतही, असं मला मनापासून वाटतं. पण तो जसा आहे तसा शिकवावा. त्यातलं गोड तेवढं वेचून देऊ नये आणि आपल्याला शोभेल असं काही रचूनही सांगू नये.

रचून सांगण्याची सवय अलीकडे फार वाढली आहे. प्रत्येक सणाच्या आदल्या दिवशी मोबाइलवर त्या सणामागचं 'शास्त्रीय कारण' येतं. उपास का, तर त्यानं अमुक पेशी तयार होतात. घंटा का, तर तिच्या कंपनांनी जंतू मरतात. शिकलेले आईबाप ते वाचतात, त्यांना बरं वाटतं आणि मुलानं विचारलं की तेच पुढे सांगतात. मूल मात्र सातवी-आठवीत विज्ञान शिकतं. नागपंचमीचंच घ्या. साप दूध पीत नाही. दूध हे त्याचं अन्नच नव्हे. गारुडी त्याला दिवसेंदिवस उपाशी आणि तहानलेला ठेवतो, म्हणून समोर येईल ते तो ओढतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग पकडणं, बाळगणं, त्याचे खेळ करणं हा गुन्हा आहे. मुलाला हे शाळेत कळतं आणि घरी मात्र नागाला दूध पाजण्याचं 'विज्ञान' ऐकायला मिळतं. मग दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय एवढं त्याच्या लक्षात येतं. यात श्रद्धेचं नुकसान होतं आणि विज्ञानाचंही.

खरं सांगायला काय हरकत आहे? श्रावणात बिळांत पाणी शिरतं, साप बाहेर पडतात. निंदणीला बायका अनवाणी रानात असतात. अंधारात पाय कशावर पडेल याची धास्ती घराघरात असते. माणूस ज्याला भितो त्याला हातही जोडतो. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, घरात काही चिरत-कापत नाहीत. वर्षभर ज्याच्या वाटेवर आपण चालतो, त्याच्यासाठी एक दिवस हात आवरायचा. मला तरी नागपंचमी अशीच समजली आहे. उंदीर खाणारा साप कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतात काय कामाचा असतो, हे यानंतर सांगितलं तर ते मुलाच्या ध्यानात राहतं. आणि घरात पूजा होत असेल तर 'आपल्या घरात असं मानतात' एवढं सांगणं पुरेसं आणि प्रामाणिक आहे. आई कानबाईपुढे, खानदेशातल्या घरोघरच्या देवीपुढे, हात जोडते, कारण तिच्या सासूनं जोडले होते आणि अडचणीच्या काळात तिला तिचा आधार वाटला होता. या कारणाला प्रयोगशाळेचा दाखला कशाला हवा?

खरं विज्ञान सणांमध्ये भरपूर आहे, पण आपण ते शिकवतच नाही. ते पंचांगात आहे. संक्रांत दरवर्षी १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते. ईद मात्र सगळ्या ऋतूंतून फिरते. असं का? प्रत्येक मुलाला हा प्रश्न पडतो आणि क्वचितच कोणी त्याला उत्तर देतं. चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांचे, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. मधला अकरा दिवसांचा फरक हिंदू पंचांग साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना धरून भरून काढतं. इस्लामी कालगणनेत तसा महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. संक्रांत सूर्यावर बांधलेली आहे, म्हणून ती फारशी हलत नाही.

हे फळ्यावर नुसतं लिहून दिलं तर मुलं कंटाळतील. त्यांना एक उदाहरण द्यावं. २०२२ साली आखाजी आणि रमजान ईद एकाच दिवशी आल्या, ३ मेला. २०२३ सालीही एकाच दिवशी, २२ एप्रिलला. मग त्या पावसाळ्यात अधिक श्रावण आला, आणि २०२४ साली ईद ११ एप्रिलला झाली तर आखाजी एक महिना पुढे, १० मेला गेली. दोन्ही सण अमावास्येनंतरच्या कोवळ्या चंद्रावर बांधलेले आहेत. एका घरी शीरखुर्मा आणि शेजारी आमरस, वर आकाशात कोर तीच. गच्चीवर नेऊन ती दाखवली की खगोलशास्त्रही शिकवून होतं आणि शेजारही. मुलांना महिनाभर रोज संध्याकाळी चंद्र वहीत काढायला लावावं. एवढ्या एका उपक्रमानं पाडवा, बीज, तीज, पौर्णिमा, अमावास्या हे शब्द त्यांच्या कायमचे ओळखीचे होतात.

आता अवघड भागाकडे येते. कानबाईचा सण खानदेशात किती जिव्हाळ्याचा आहे हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना आणि सोमवारी विसर्जन. सुरत, पुणे, नाशिककडे गेलेली भावंडं एका घरात जमतात. वर्षभर बोलचाल नसलेले चुलतेही येतात. नारळाला डोळे, नाक, नथ लावून कानबाई सजवतात, बायका रात्रभर जागतात, फुगड्या खेळतात. आणि मग प्रसादाचे रोट. रोटांसाठी गहू आणि चण्याची डाळ घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजतात. परात मध्ये असते, म्हातारी नाव घेते, मूठ टाकते, पुढचं नाव घेते. दोन दिवसांपूर्वी जन्मलेल्या मुलाचंही नाव येतं. अशाच एका घरी नऊ वर्षांची नात परातीजवळ बसून सगळी नावं ऐकत होती. शेवटचं नाव झालं तसं तिनं विचारलं, "मोठी आई, मनी मूठ कोठे शे?" माझी मूठ कुठे आहे?

कोणी लगेच बोललं नाही. एक काका म्हणाले, पोरींची नसते, पोरी दुसऱ्याच्या घरी जातात. मग काकूनं नीट सांगितलं, "पूर्वी कूळ मुलांवरून मोजायचे ना, म्हणून मूठ मुलांचीच." मुलीनं 'पूर्वी' हा शब्द बरोबर धरला. "मग आता?" त्या घरात अजून यावर काही ठरलेलं नाही. मला विचाराल तर तिच्या नावाची मूठ परातीत पडायला हवी. ज्या देवीची पूजा आहे ती बाई, रात्रभर जागणाऱ्या बाया, रोट भाजणाऱ्याही बायाच, आणि मुठी तेवढ्या पुरुषांच्या, हे मुलीला खटकलं याचा मला आनंद आहे. काकूचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. तिनं मुलीला गप्प बसवलं नाही आणि बनवलंही नाही. प्रथा कुठून आली ते सांगितलं, आणि ती माणसांनी घातलेली आहे हे आपोआप कळलं. माणसांनी घातलेली गोष्ट माणसांना बदलता येते, हे त्या मुलीला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज उरली नाही.

आषाढीचंही तसंच आहे. शाळाशाळांतून दिंड्या निघतात, मुलं विठ्ठल-रखुमाई होतात, मुली डोक्यावर तुळस घेतात, फोटो निघतात आणि दुपारपर्यंत दिंडी संपते. मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी किती दूरवर पायी जाते, वाटेत ऊनपाऊस अंगावर घेत माणसं का चालतात, हे त्या मुलांना कोणी सांगत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे १९४७ सालापर्यंत याच वर्गातल्या काही मुलांच्या पणजोबांना पंढरपूरच्या मंदिरात पाऊल टाकता येत नव्हतं. ते दार उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, म्हणजे आमचेच. ज्या शाळेच्या दिंडीत ही गोष्ट येत नाही, त्या शाळेनं मुलांना वारीचा अर्धाच अर्थ दिला. यानं विठ्ठलावरची माया कमी होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुलांना ही गोष्ट सांगून बघावी. मुलं आधी गप्प होतात आणि मग एकामागून एक विचारू लागतात. दार कोणी अडवलं होतं? उघडल्यावर सगळ्यात आधी आत कोण गेलं? गुरुजींना भूक लागली नाही का?

मग इतरांचे सण. खानदेश म्हणजे तापीकाठच्या केळी आणि कापूस एवढाच नाही. सातपुड्यात अक्कलकुव्याकडे, धडगावकडे होळी हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण आहे. तिथल्या काठी गावची राजवाडी होळी बघायला लांबून माणसं येतात. उंच बांबू आणायचा, रात्रभर ढोल वाजवायचे आणि पहाटे होळी पेटवायची. ज्यांनी नवस केलेला असतो ते कितीतरी दिवस आधीपासून व्रत पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. अंगावर नक्षी काढून, मोरपिसांचे टोप घालून, कमरेला घुंगरं बांधून बावा आणि बुध्या नाचतात. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतात. त्यात माणसं होळीसाठी डाळ्या, गूळ, हार-कंकण घेतात, नातेवाइकांना भेटतात. बाहेरचे मात्र अजून या बाजाराला मुलगी पळवून नेण्याचा बाजार म्हणतात. आदिवासी समाज वर्षानुवर्षं हे नाकारत आला आहे. आश्रमशाळेतल्या पावरा मुलाला पुस्तकात होळी म्हणून होलिका आणि प्रल्हाद भेटतात. ती कथाही त्याला कळावी, हरकत नाही. पण त्याच्या पाड्यावरची होळी पुस्तकात कुठेच नाही, हे बघून तो काय समजतो? आपलं ते सांगण्यासारखं नाही, असं. आणि जळगावच्या मुलाला सातपुड्यातली होळी माहीतच नसते, किंवा भोंगऱ्याची ती खोटी गोष्ट तेवढी माहीत असते. दोघांचंही नुकसान एकाच पुस्तकात होतं.

ईदच्या आधी गरिबांना फित्रा द्यायचा, म्हणजे त्यांच्याही घरी सण होतो, हे किती हिंदू मुलांना माहीत आहे? दसऱ्याच्या दिवशी आपण आपट्याची पानं वाटत असताना वर्गातली काही मुलं पांढरे कपडे घालून विहारात का जातात, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झालं, हे किती जणांना सांगितलं जातं? जैन मैत्रीण पर्युषणाच्या शेवटी क्षमा मागते ती कशासाठी? यासाठी परीक्षेचा धडा नको, एक तास पुरतो.

आमच्या भागाकडे तर सांगण्यासारखं खूप आहे. जळगावचा श्रीराम रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो. तो भिलपुऱ्यात आला की लालशाह बाबांच्या समाधीवर फुलांची चादर चढते. रथाच्या चाकाला मोगरी, म्हणजे तो थांबवायची-वळवायची लाकडी पाचर, लावणाऱ्यांचं कसब बघायला मुलं धावतात. त्याच वेळी त्यांना ही चादरही दाखवावी. धुळ्यात मानाच्या एका गणपतीला लोक 'खुनी गणपती' म्हणतात. मुलं नाव ऐकून घाबरतात, मोठी माणसं विषय बदलतात. विषय बदलू नये. १८९५ साली मशिदीसमोर मिरवणुकीवरून दंगल झाली, गोळीबार झाला, रक्त सांडलं. आज तीच मिरवणूक त्याच मशिदीसमोर आली की मुस्लिम बांधव फुलं उधळून तिचं स्वागत करतात. दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतील. नुसती फुलं सांगितली तर मुलाला त्यांची किंमत कळणार नाही, आणि नुसती दंगल सांगणारे बाहेर पुष्कळ आहेत.

काही जण म्हणतील, मुलं बघून बघून शिकतात, मुद्दाम शिकवायला कशाला हवं? चूल, अंगण आणि आजी एका घरात होती तेव्हा हे खरं होतं. दोन खोल्यांच्या घरात पुरणपोळी डब्यातून येते, तिथं मूल काय बघेल? विवेकवादी मित्र म्हणतात, धर्मापासून मुलांना लांब ठेवा, मोठी होऊन ठरवतील. त्यांचा हेतू मला कळतो. पण मूल लांब राहत नाही. ते गल्लीतल्या मंडळात जातं आणि चौदाव्या वर्षी डीजेपुढे नाचताना कोणाच्या दारासमोर आवाज वाढवायचा हे आधी शिकतं. आणि प्रश्न विचारू दिले तर श्रद्धा जाईल असं ज्यांना वाटतं, त्यांना मी शाळेत इतकी वर्षं मुलांत वावरल्यावर एवढंच सांगू शकते की ज्यांना घरी गप्प केलं गेलं, तीच मुलं पुढे घरच्या सणांपासून सगळ्यात लवकर तुटलेली मी पाहिली आहेत.

कायद्याची अडचण सांगितली जाते. संविधानाच्या कलम २८ नं पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्याला मनाई केली आहे, आणि अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलावर सक्ती करता येत नाही. ही तरतूद चांगली आहे आणि ती तशीच राहावी. पण २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देण्याला या कलमाची आडकाठी नाही. शाळेत आरती करून घेणं एक आणि आरती कोण, का करतं हे सांगणं दुसरं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलं नको, दुसरं हवं.

खरी अडचण शिक्षकांची आहे. वर्गात ईदबद्दल दोन वाक्यं बोलली, कानबाईच्या मुठींवर प्रश्न विचारला आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ गावभर फिरवला, तर त्या शिक्षिकेच्या मागे कोण उभं राहणार? ही भीती खोटी नाही. म्हणून हे एकट्या शिक्षकावर सोडू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. जूनच्या सभेत त्या समितीनं एका पानावर ठरवावं की या वर्षी वर्गात कोणत्या सणांची ओळख करून द्यायची, कोणाच्या घरचं माणूस येऊन सांगेल आणि मुलांचे प्रश्न कसे घ्यायचे. पूजा शाळेत होणार नाही हे त्याच पानावर लिहावं. ज्या पालकांना नको असेल त्यांचं मूल त्या तासाला वाचनालयात बसेल, हेही लिहावं. खाली सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे उद्या तक्रार आली तर उत्तर द्यायला गाव असेल. सुरुवात श्रावणात, कानबाईच्या आधीच्या आठवड्यात करता येईल. गावातल्याच एखाद्या आजीला बोलवावं, तिला अहिराणीत बोलू द्यावं, आणि तिचं सांगून झालं की पहिला प्रश्न मुलींना विचारू द्यावा.